जावयाचे अनारसे आणि व्हिसाची तारीख

प्रति,
समस्त स्वयंनियुक्त सल्लागार मंडळ,
आंबिवली, मोहने, शहाड, टिटवाळा व कल्याण परिसर.

विषय : माझ्या अमेरिकेला जाण्याची तारीख आपण परस्पर ठरवल्याबाबत.

संदर्भ : १) मावशींचे तोंडी आदेश. २) आत्यांचे पंचांग. ३) कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या गैरहजेरीत झालेले ठराव.

सन्माननीय काका, काकू, आत्या, मावशी आणि जिन्यात भेटणारे इतर तज्ज्ञ,



माझा व्हिसा आला, ही बातमी माझ्या सासरी न्यू जर्सीला पोहोचण्याआधी मोहन्याच्या बाजारात पोहोचली होती. भाजीवालीने मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "मग कधी निघणार?" मी उत्तर द्यायच्या आत बाजूला उभ्या असलेल्या काकूंनी सांगून टाकलं, "गणपतीनंतर." तेव्हाच लक्षात आलं, या विषयावर मंडळाची बैठक होऊन गेलेली आहे. आपलं काम इतकं तत्पर असताना माझी बाजूही नोंदवली जावी, म्हणून हे पत्र.

आधी आपल्या पूर्वीच्या कार्याचा गौरव करते. आमचं लग्न जुलै २०२४ मध्ये झालं. नवरा अमेरिकेचा नागरिक. त्याने तिथे अर्ज केला, मग तो मंजूर होण्याची वाट, मग कागदपत्रं, पोलिसांचा दाखला, लसी, वैद्यकीय तपासणी आणि बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. हा सगळा काळ मी आंबिवलीहून सकाळची लोकल पकडून ठाण्याला नोकरीला जात होते. त्या काळात आपण मला रोज एकच प्रश्न विचारलात : "अजून इथेच?" काहींनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?" एकीने तर तिकडे त्याचं दुसरं कुणी असेल, ही शक्यताही प्रेमाने मांडली. लग्न खरं आहे का, असं अमेरिकन सरकारनेही विचारलं; पण निदान त्यांनी फोटो, तिकिटं आणि कागद पाहून खात्री करून घेतली. आपल्याला कोणताच पुरावा चालला नाही.

तेव्हा तारीख सरकारच्या हातात होती आणि आपल्याला घाई होती. आता तारीख माझ्या हातात आली, तर आपल्यालाच थांबायचं आहे. माझी तक्रार एवढीच आहे. बाकी पत्र हा तिचा तपशील.

ठराव क्रमांक एक : गणपती करून जा. भावना पोचली. पण यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि माझ्या व्हिसाची मुदत ऑगस्टअखेर संपते. ही मुदत कुणा अधिकाऱ्याच्या लहरीवर ठरलेली नाही. वैद्यकीय तपासणी सहसा सहा महिने ग्राह्य धरली जाते आणि इमिग्रंट व्हिसाची मुदत तिलाच बांधलेली असते. त्या तारखेपर्यंत अमेरिकेच्या विमानतळावर उतरायचं असतं. त्या दिवशी तिथून परत यायचं, असा अर्थ काढून ज्या काकांनी ग्रुपवर "फक्त सहा महिन्यांसाठीच चालली आहे" असं जाहीर केलं, त्यांनी कृपया निवेदन मागे घ्यावं. आईला सांत्वनाचे फोन येऊ लागले आहेत.

ठराव क्रमांक दोन : अधिकात प्रवास नको. यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. आत्या, या महिन्यात मी जाणार नाहीच आहे, तेव्हा आपला मान राहिला. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं म्हणून मी थांबावं, हे काही पटलं नाही. जावई न्यू जर्सीत आहे. मी आंबिवलीत थांबल्याने अनारसे त्याच्यापर्यंत कसे पोहोचतील? पुढे २५ जुलैला आषाढी, तिथून चातुर्मास, म्हणून तेव्हाही नको, असं आपण म्हणता. आत्या, लाखो वारकरी आषाढीसाठीच पंढरीची वाट चालतात. मला तर बसून जायचं आहे.

ठराव क्रमांक तीन : मग उद्याच निघ. हा टिटवाळ्याच्या मावशींचा अल्पमतातला ठराव. अंगारकीची वाट न बघता साध्या मंगळवारी महागणपतीचं दर्शन घे आणि सूट, असं त्या म्हणतात. सल्ला नेक आहे, पण त्यात एक मेख आहे आणि ती कुठल्याच पंचांगात छापलेली नाही. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त असतं, दोन वर्षांचं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा फी भरायची, पुन्हा लग्न खरं असल्याचे पुरावे जोडायचे. दोन वर्षं उलटून गेल्यावर पाऊल ठेवलं, तर कार्ड थेट दहा वर्षांचं. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ साली तिथे हा कायदा झाला. व्हिसा कधी मिळाला हे त्यात बघत नाहीत, प्रवेशाचा दिवस बघतात. व्हिसावर सशर्त वर्गाचा शिक्का असला, तरी दोन वर्षं झाल्याचं दाखवून विमानतळावरच्या अधिकाऱ्याकडून वर्ग बदलून घेता येतो. फक्त ते आपण होऊन सांगावं लागतं आणि लग्नाचा दाखला हातातल्या बॅगेत असावा लागतो.

आता हिशेब करा. लग्नाचा दुसरा वाढदिवस जुलैच्या मध्याला. व्हिसा ऑगस्टअखेरपर्यंत. मधली फट हाच माझा मुहूर्त. मंडळात तीन निवृत्त हेडक्लार्क असूनही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, याचं मात्र नवल वाटलं. अर्थात, ज्यांच्या दोन वर्षांना अजून पुष्कळ अवकाश आहे, त्यांनी एका कार्डासाठी संसार खोळंबून ठेवू नये. माझ्या बाबतीत प्रश्न थोड्या आठवड्यांचा आहे, म्हणून मी थांबते आहे.

ठराव क्रमांक चार : शेवटच्या आठवड्यातलं तिकीट काढ, तोवर राहून घे. ऑगस्टात? आपण सगळे मध्य रेल्वेवर वाढलो ना? २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं, हे आपण टीव्हीवर एकत्र बघितलं. उल्हास नदीला पाणी चढलं की मोहन्यातून कल्याण गाठणंसुद्धा नशिबावर असतं. व्हिसा संपायला दोन दिवस असताना विमान रद्द झालं, तर नवा व्हिसा, नवी फी आणि कदाचित नवी तपासणी. पावसाला माझी मुदत कळत नाही.

ठराव क्रमांक पाच : जाऊन शिक्का मारून ये, मग वर्षभर आरामात इथे राहा. तळमजल्यावरच्या भाऊंना हे फार सोपं वाटतं. भाऊ, तिथे उतरताच मी कायम रहिवासी होते आणि कायम रहिवाशाने तिथे राहावं, अशी त्यांची साधी अपेक्षा असते. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की परतताना प्रश्न येतात. वर्षाहून अधिक राहायचं असेल, तर निघण्याआधी तिथे असतानाच वेगळ्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. शिवाय त्या दिवसापासून माझं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करखात्याला दाखवायचं, कल्याणच्या बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजासकट. इथलं बचत खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यायचं आहे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, तेवढा दिलासा.

ठराव क्रमांक सहा : कार्ड हातात आल्याशिवाय जाऊ नकोस. काकू, कार्ड मी तिथे गेल्यावर तिथल्या पत्त्यावर येतं. त्यासाठी २३५ डॉलरची वेगळी फी आहे. ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. तोवर प्रवेशाचा शिक्का बसलेला व्हिसाच वर्षभर कार्डाचं काम करतो. आपल्या सल्ल्याप्रमाणे मी कार्डाची आणि कार्ड माझी वाट बघत बसेल.

ठराव क्रमांक सात, खाद्य उपसमितीचा : हापूसची पेटी ने. इतकी कागदपत्रं झाल्यावर सांगते, हापूसचं माझ्यासारखंच आहे. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ साली दार उघडलं, तेही विकिरण आणि तपासणी करून, लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रांतून गेलेल्यालाच. सामानातल्या पेटीला व्हिसा नाही. मसाला आणि लोणचं नेईन, ते कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगूनही टाकेन.

संपूर्ण मंडळात एकच सल्ला मी जपून ठेवला आहे. मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात आयुष्य घालवलेले काका म्हणाले, "कागद हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नकोस." २००९ साली त्या कंपनीला टाळं लागलं आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. कागदाची किंमत त्यांना ठाऊक आहे. व्हिसासुद्धा दारापर्यंतच नेतो. आत घ्यायचं की नाही, हे तिथला अधिकारी ठरवतो. म्हणून मी नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच दिला आणि नोटीस पिरियड जुलैत संपेल असा दिला.

शेवटी, आपल्याच गावचा दाखला. कल्याणचं माहेर असलेल्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा मागे राहिला, त्या पुढे गेल्या. व्हिसा लागत नव्हता, सल्लागार मात्र तेव्हाही होते. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभं राहून त्यांनी सगळ्या शंकेखोरांना एकदमच उत्तर दिलं आणि मग बोटीत बसल्या. एकेकाला घरी जाऊन समजावत बसल्या असत्या, तर डॉक्टर कधी झाल्या असत्या?

तेव्हा कळवण्यात येते की, जाण्याची तारीख आम्ही दोघांनी ठरवली आहे. ती जुलैअखेरीची आहे आणि त्यात बदल होणार नाही. आपलं मंडळ या पत्रान्वये बरखास्त करण्यात येत आहे. निरोपाला सगळ्यांनी घरी जेवायला यावं. विमानतळावर मात्र आई-बाबा आणि ड्रायव्हर, एवढेच येतील.

आणि मंडळाला नवं काम हवंच असेल, तर एक सुचवते. आपल्याच आळीत आणखी एक मुलगी अशाच व्हिसाची वाट बघते आहे. तिला "अजून इथेच?" असं विचारू नका.

आपली नम्र,
लग्न झालेली आणि अजून काही आठवडे आंबिवलीचीच