ट्रॅक झिरो बॅड

नव्वदच्या दशकात सोलापुरात चपला बाहेर काढून आत जायच्या जागा मोजक्याच होत्या. सिद्धेश्वराचं देऊळ आणि कॉम्प्युटर क्लास. देवळातून निघताना चपला मिळतील याची खात्री नसे, क्लासमधून निघताना फ्लॉपी धड मिळेल याची नसे.

एसी, जाड पडदे, सगळं कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून. फ्लॉपी मात्र पोरांच्या पिशवीतून, शेंगाचटणीच्या डब्याला टेकून, बेचाळीस अंशांत सायकलवरून यायची. मग फॉरमॅट मारला की काळ्या पडद्यावर निकाल उमटे : ‘ट्रॅक झिरो बॅड, डिस्क अनयूजेबल’.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीला दर बाजूला ८० ट्रॅक. मधले चार-दोन खराब निघाले तर डॉस तेवढ्यावर खूण करून पुढे जाई. पण बूट सेक्टर आणि कुठली फाइल कुठे याची वही असते शून्य नंबरच्या ट्रॅकपासून. तोच गेला की बाकीचे ठणठणीत असून उपयोग नाही. आमच्या शेजारचे यंत्रमागवाले मामा हे ऐकून हसले. जॅकार्डवर चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. ‘‘आमचा पुठ्ठा फाटला तर तेवढाच बदलतो बे. तुमचा पहिला फाटला की चादरच गायब?’’ यावर सरांकडेही उत्तर नव्हतं.

सव्वापाच इंचीचा ताप वेगळा. १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड अरुंद. त्यात ३६० केबीच्या फ्लॉपीवर लिहिलं की बारीक पट्टा उमटे आणि कडेला जुना मजकूर तसाच राही. जुन्या ड्राइव्हचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचायचं आणि विचारायचं, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ तीनांतले दोन पर्याय हार मानण्याचे, म्हणून सगळे रिट्रायच दाबत. मेकॅनिक आला की पहिला प्रश्न, ‘‘काय बे, कुठल्या मशीनवर फॉरमॅट मारलास?’’ दुखणं नेमकं तिथंच असे.

१९९१ च्या डॉस ५ मध्ये अनफॉरमॅट आलं. साधा फॉरमॅट मारला असेल आणि वर काही लिहिलं नसेल, तर गेलेलं परत मिळे. पण स्लॅश यू, म्हणजे बिनशर्त फॉरमॅट, केला की सगळं साफ. आणि बिनशर्त केल्याशिवाय सोलापूरकराला चैन कुठे पडते?

तेव्हा माळ्यावर जुन्या फ्लॉप्या आणि त्या वाचणारं मशीन अजून असेल, तर आधी नुसतं डिर मारून बघा. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. आणि घरातल्या उत्साही मंडळींना स्लॅश यू अजिबात सांगू नका.