सहा भिंती, सहा शैली

समूह प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सहा समकालीन चित्रकार, सहा स्वतंत्र शैली.’ दालनात शिरताच प्रचीती येते. एका भिंतीवर बैल, दुसरीवर बनारसचे घाट, मग मिटल्या डोळ्यांचे बुद्ध, बासरीवाला कृष्ण, घोडे. सहावे गृहस्थ अमूर्त. त्यांना काही विचारायचं नसतं. एका शैलीला दुसरीचा वाराही लागत नाही. फक्त एकाच चित्रकाराची दहा चित्रं वेगळी ओळखायची, तर किमतीच्या यादीतला नंबर पाहावा लागतो.

यात त्यांचा दोष नाही. दिवाणखान्यातलं चित्र पाहुण्याने सही न वाचता ओळखलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात. बैलवाल्याने हौसेने शेळी काढली तर ती घेणार कोण? सोफ्याला बैल शोभतो हे सिद्ध झालंय, शेळीची खात्री कोण देणार? म्हणून ज्या बैलाशेजारी एकदा विक्रीची लाल टिकली लागली, त्याला जन्मभर जुंपायचं. कॅटलॉगात याला ‘सातत्यपूर्ण आत्मशोध’ म्हणतात.

1947 साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांच्यात हा व्यवहार कच्चाच. फ्रान्समध्ये निसर्गचित्रांवर नाव झालेलं असताना रझा बिंदूकडे वळले. नंतर ग्रुपशी जोडले गेलेले गायतोंडे तर माणसांच्या आकृत्या चांगल्या जमत असताना त्या सोडून बसले, आणि पुढे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत राहिले. 2001 मध्ये ते गेले. 2015 साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 29 कोटींच्या वर गेलं. म्हणजे वाट बदलणाऱ्यालाही भाव येतो. पण तो घ्यायला चित्रकार हयात असेलच असं नाही. आठवड्याचं दालनभाडं, फ्रेमवाल्याचं बिल आणि उद्घाटनाचा चहा-समोसा मात्र ह्याच जन्मात फेडायचा असतो.

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फूटपाथवर पोर्ट्रेटवाले बसतात. समोर येईल त्याचा चेहरा काढायचा. आत्ता आजोबा, मग पोरगी, मग नवं जोडपं. वर गिऱ्हाईक उभ्या उभ्या सुनावतं, ‘‘नाक जरा मोठं झालंय हो.’’ पोर्ट्रेटवाला खोडरबर घेतो आणि नाक पुन्हा काढतो.

अशा माणसाला आत भिंत कशी मिळणार? शैलीच नाही!