फुटक्या तबकडीचा पंचनामा

जुन्या वस्तूची किंमत दोनच माणसांना कळते. एक, ज्याला ती विकायची आहे तो आणि दुसरा, ज्याला ती घेतल्याशिवाय झोप येत नाही तो. उरलेलं जग तिला अडगळ म्हणतं. पंचाईत अशी, की कुरियरचं ऑफिस हे उरलेलं जग चालवतं.

इंदूरच्या एका भंगारवाल्याकडून मागवलेली बालगंधर्वांची तबकडी माझ्याकडे पाच तुकड्यांत पोचली. खोक्यावर लाल अक्षरांत ‘नाजूक’ लिहिलेलं आणि नेमका त्यावरच बुटाचा ठसा. ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या लाखेच्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी. मागून आलेली व्हिनाइलची रेकॉर्ड निदान वाकते तरी. हिचा बाणा ‘मोडेन पण वाकणार नाही’ असा. रंगमंचावर वन्समोअर घेत रात्र जागवणारं पद हिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेलं.

‘‘काका, ओरिजिनल बिल?’’ भरपाई मागायला कुरियरच्या ऑफिसात गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने विचारलं.

भंगारवाला बिल देत नाही. ‘घ्यायची तर घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभंय’ एवढंच देतो. आणि तबकडीचे मूळ मालक कधीच बालगंधर्वांच्या गावी गेलेले.

‘‘बरं, वस्तू किती जुनी?’’

‘‘ऐंशी वर्षं तरी!’’ मी छाती फुगवून म्हणालो.

‘‘वर्षाला दहा टक्के घसारा धरला, तर दहाव्या वर्षीच शून्य झाली की!’’

‘‘अहो, जुनी म्हणूनच महाग!’’

‘‘फ्रिजचं तसं नसतं, काका.’’

मग मी साहेबांना गाठलं. १९६०च्या दशकात, बहुतेक देश लाख सोडून व्हिनाइलकडे वळलेले असतानाही, आपल्याकडे बीटल्सच्या गाण्यांच्याही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या आणि आज त्यांच्यासाठी परदेशी शौकीन घसघशीत पैसे मोजतात, हे त्यांना पटवलं. ते खूश झाले. ‘‘मग तुमची बीटल्सची आहे?’’

‘‘नाही, बालगंधर्वांची.’’

‘‘मग तज्ज्ञाचा दाखला आणा.’’

तज्ज्ञ म्हणजे माझ्याच पंथातला एक वेडा. त्याने प्रत्येक तुकडा उजेडात तिरका धरला, लेबलाशेजारी कोरलेला नंबर भिंगातून वाचला, ‘‘अखंड असती तर...’’ म्हणून उसासा टाकला आणि किमतीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘अमूल्य’. कुरियरच्या संगणकाला त्या रकान्यात फक्त आकडे चालतात. त्याने ‘अमूल्य’चं शून्य केलं.

अखेर साहेबांनाच दया आली. ‘‘पावतीमागच्या नियमात बसवून थोडंफार देतो. तुकडे मात्र जमा करावे लागतील.’’

मी पिशवी पोटाशी धरली. ‘‘तुकडे नाही द्यायचा! लेबल शाबूत आहे. आणि या मोठ्या तुकड्यावर एक अख्खी तान असेल.’’

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी संगणकावर शेरा मारला : ‘ग्राहकाच्या मते मालाला अद्याप किंमत आहे. सबब नुकसान नाही. क्लेम बंद.’