पेवात हळद, फायलीत सौदे

मामांच्या हळदीच्या अडतीसाठी छोटी वेबसाइट करून द्यायची असेल, तर आधी पैसे ठरवावेत. डेटाबेस म्हणजे फक्त एक फाइल आहे, हे त्यानंतर सांगावे.

ही फाइल म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरचे पेव समजावे. जमिनीत खड्डा, तोंड बंद, आत हळद. कप्पे नाहीत की फळ्या नाहीत. पायथनमधल्या टायनीडीबीचा कारभार तसाच. सर्व्हर नको, तक्ते आखायला नकोत. सौदा झाला की नोंद आत टाकावी : शेतकरी, गाव, वक्कल, पोती, दर. पुढच्या नोंदीत हमालीचा रकाना जादा आला तरी फाइल हूं की चूं करत नाही.

माणूस बिघडतो तो इथेच. आमच्या फायलीत शेतकऱ्यांचे नंबर कुठे ‘मोबाईल’, कुठे ‘मोबाइल नं.’ आणि घाईच्या दिवशी नुसतेच ‘फोन’ या नावाने जाऊन बसले. एका नावाने शोधावे तर बाकीचे दडी मारतात. पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. तीन महिन्यांपूर्वीची आपलीच फाइल उघडताना तेवढाच धीर धरावा.

मामांनी ती एकदा नोटपॅडमध्ये उघडली. ‘हळकुंड’ या शब्दाच्या जागी तिरप्या रेघा, ‘यू’ आणि ०९३९, ०९३३ अशी ३६ चिन्हांची रांग.

“आरं, ही हळद हाय का ट्रकच्या इंजनाचा नंबर?”

अशा वेळी वाद घालू नये. फाइल उघडतानाच्या सेटिंगांत एन्शुअर-आस्कीला ‘फॉल्स’ आणि एन्कोडिंगला ‘यूटीएफ-८’ सांगावे, पुढच्या नोंदीपासून फाइल मराठी बोलू लागते.

खरी फजिती माणसे दोन झाल्यावर. धाकटा भाऊ साताऱ्याहून कोरेगावकडच्या शेतकऱ्यांची नोंद करी, मी सांगलीच्या मार्केट यार्डातून. टायनीडीबी प्रत्येक नोंदीला अख्खी फाइल वाचतो आणि अख्खी पुन्हा लिहितो. आम्ही दोघांनी एकदम बटण दाबले, माझे लिहिणे मागून झाले आणि त्याची बारा पोती हवेत विरली. “हे कुणी सांगितलंच नव्हतं,” असे मी मामांना ठासून सांगितले. टायनीडीबीच्या माहितीपत्रकात ते स्वच्छ लिहिलेले आहे. एकट्याची वही असेल तर टायनीडीबी झकास. लिहिणारे दोन असतील तर मुकाट्याने एसक्यूलाइट घ्यावा. तीही एकच फाइल, पण आतून कडी लागते आणि दुसरा दारात थांबतो.

राहिली प्रत. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद कुजली. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हा फायलीची एक प्रत रोज रात्री साताऱ्याला पाठवावी. पाणी येते तिकडूनच, पण तिथल्या पोवई नाक्यावर चढत नाही.