गरम डोक्याचा सेन्सर

सिरसाळ्यात ट्रक बंद पडला की मेकॅनिक शोधायला लागत नाही. तो बघ्यांत हजरच असतो, तोही घाऊक. भर उन्हात, बीडच्या वाटेवर, विटा भरलेली आमची गाडी गप्प झाली. ड्रायव्हरने केबिन उचलायच्या आत चार निदानं तयार! ‘एअर धरली.’ ‘पंप गेला.’ ‘डिझेलात पाणी हाये, लिहून घ्या.’ पांढऱ्या टोपीतल्या एका आजोबांनी नजर लागल्याचं सांगितलं. बाकीच्यांपेक्षा त्यांच्याच आवाजात खात्री जास्त होती.

गाडी भारत स्टेज चारची, 2017 नंतरची. तिच्या आधीच्या पिढीला डिझेल आणि शिव्या एवढ्यावर भागत असे. हिला कंप्युटर. पिस्टन कुठवर आलाय हे त्याला सांगतो फ्लायव्हीलपाशी बसलेला बोटभर क्रँक सेन्सर. आत चुंबक, त्याभोवती केसासारख्या तारेची गुंडाळी. चाकाचा दाता समोरून गेला की तारेत वीज उमटते. ही खबर थांबली की कंप्युटर इंजेक्टरला हुकूमच देत नाही. स्टार्टर फिरतोय, इंजिन ढिम्म.

गंमत अशी, की आम्ही हॉटेलात चहा घेऊन येईतो गाडी एका सेल्फमध्ये चालू! असं दर वेळी व्हायचं, आणि तेव्हा जो जवळ उभा असे, श्रेय त्याचं. एकाने तर टायरवर लाथ मारून ते मिळवलं.

शेवटी मिस्त्रींनी स्कॅनर लावला. क्रँक सेन्सरचा कोड आला. ‘बदला मग!’ मी म्हणालो.

‘थांबा ना मालक. खबर पोचली न्हाई, एवढंच म्हणतंय ते. वायर उंदरानं खाल्ली का पिन ढिली, कुणी बघावं?’

वायर शाबूत, पिनाही घट्ट. सॉकेट काढून मीटर लावला. थंड सेन्सर 860 ओहमच्या आसपास, अगदी सज्जन. मग गाडी तापवली, आणि बंद पडल्याबरोबर पुन्हा मीटर. आता आकडाच नाही. गुंडाळी आतून तुटलेली. गार पाणी ओतलं, तशी तुटकी टोकं पुन्हा टेकली आणि सेन्सर परत सज्जन. तापला की तोंड फिरवणारी अशी माणसं आमच्या भावकीतही आहेत, पण त्यांना मीटर लावता येत नाही.

नवा सेन्सर बसला, गाडी बीडपर्यंत न थांबता गेली. आजोबांना कळवलं. ‘मग, जुन्याचं काय केलं?’ एवढंच त्यांनी विचारलं. तो ड्रायव्हरने केव्हाच बंपरला, लिंबू-मिरचीच्या खाली बांधला होता.