डॅशराव

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारे एक गृहस्थ असतात, पार्किंगवरून भांडणारे एक असतात आणि अलीकडे एक डॅशरावही असतात. वय पन्नाशीपुढचं, नोकरी आयटीतली, लॅपटॉपवर लिनक्स आणि कपाटात पासबुकांशेजारी जुन्या रुमालात गुंडाळलेली दोन टीबीची एक्स्टर्नल डिस्क. बाकीचं जग फोटो माउसने ओढून डिस्कवर टाकतं आणि झोपी जातं. डॅशराव बॅकअपच्या वेळी माउसला शिवत नाहीत. ते टर्मिनल उघडतात, 'आर्सिंक' एवढं टाइप करतात आणि थांबतात. खरी चव पुढच्या डॅशमध्ये असते.

"डॅश ए तर हवाच," ते सांगू लागतात. आपण मेन्टेनन्सचा चेक मागायला गेलेलो असतो. "ए म्हणजे सबफोल्डर आले, परमिशन आल्या, मालक आला, तारखा आल्या. पण हार्ड लिंक येत नाहीत बरं का! त्याला कॅपिटल एच वेगळा." आपण मान डोलावतो. "आणि झेड?" हे ते स्वतःच विचारतात आणि स्वतःच उखडतात. "झेड कशाला? डिस्क टेबलावर, वायर हातभर! इकडे दाबायचं, तिकडे सोडवायचं, मधल्यामध्ये प्रोसेसर तापवायचा!" झेडसकट कमांड कुठून तरी उचलून आणणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरतो.

चहा येईपर्यंत इतिहास होतो. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात आर्सिंक काढला. फाइलचा बदललेला तेवढाच भाग लाइनीवरून पाठवायचा, ही त्याची करामत. मात्र दोन्ही डिस्क एकाच मशीनला जोडलेल्या असतील, तर तो ही करामत आपणहून आवरून अख्खी फाइल उचलतो. "कुठे हुशारी दाखवू नये, हे त्याला कळतं," असं म्हणून डॅशराव आपल्याकडे बघतात. आपण बिस्कीट घेतो.

मग स्लॅश. सोर्स फोल्डरच्या नावापुढे स्लॅश दिला तर आर्सिंक डब्यातले लाडू तेवढे पलीकडे ओततो, नाही दिला तर डब्यासकट नेऊन ठेवतो. या एका काडीपायी लोकांच्या डिस्कवर 'फोटो'च्या पोटात 'फोटो' झालेले त्यांनी पाहिले आहेत. डिस्क माउंट झालेली नसेल तर आर्सिंक त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे लॅपटॉपच्याच पोटात, सगळं मुकाट्याने भरत बसतो, हेही पाहिलं आहे. नवी डिस्क आणली की ते आधी ती ईएक्सटी-फोर फॉरमॅट करतात. एक्सफॅटवर मालक आणि परमिशन टिकत नाहीत ना! परिणामी वहिनींच्या विंडोजवर ती डिस्क उघडतच नाही. हा तोटा आहे असं डॅशरावांनी अजून कबूल केलेलं नाही.

आवाज खाली येतो तो 'डॅश डॅश डिलीट'पाशी. इकडे नसलेली फाइल तिकडूनही उडवणारा हा ऑप्शन. "बॅकअप आरशासारखा स्वच्छ राहतो. पण तुम्ही चुकून काही उडवलंत, तर रात्री तुमच्या चुकीचाही बॅकअप होतो!" म्हणून आधी डॅश एन. म्हणजे ड्राय रन. काय काय होणार ते नुसतं छापून येतं, होत काहीच नाही. डॅशराव ती यादी चष्मा कपाळावर चढवून ओळीने वाचतात. ही सवय हाडीमाशी खिळली आहे. मुलीच्या बारावीच्या केंद्रावर ते आदल्या दिवशी जाऊन, बाक बघून आले होते. ३१ मार्चला सगळी बिल्डिंग मार्चएंडच्या कामाला जुंपलेली असते, तेव्हा हे गृहस्थ जागतिक बॅकअप दिन म्हणून जुन्या डिस्कवरच्या फायली उघडतात का ते तपासत असतात. "उघडून पाहिला नाही तो बॅकअप नव्हे, अंधश्रद्धा!"

परवा वरच्या मजल्यावरच्या काकांनी जागा करण्याच्या नादात लेकीच्या लग्नाचं फोल्डरच उडवलं. रात्रीचा बॅकअपही ठरल्या वेळी होऊन गेला. घरात रडारड. पण ती सोय डॅशरावांनी लावून दिलेली होती, 'लिंक-डेस्ट' घालून. रोजचा तारखेचा वेगळा फोल्डर, न बदललेल्या फायलींना नुसती हार्ड लिंक, जागा मात्र एकदाच. मंगळवारच्या फोल्डरात वरमाला, विहीण, जेवणावळ सगळं शाबूत! काकांच्या मुलाने धीर न धरता ते 'सीपी डॅश आर' मारून लॅपटॉपवर परत आणलंसुद्धा.

काका पेढे घेऊन आले. "डॅशराव, तुम्ही देवासारखे धावलात हो!" डॅशरावांनी पेढा घेतला, पण चेहरा सुतकी. "आर मारला? ए नाही? अहो, लग्न फेब्रुवारीतलं आणि सगळ्या फायलींवर तारीख आजची!"

"फोटो आले ना परत? मग तारखेचं काय एवढं?"

"काय एवढं? आज रात्री आर्सिंक या सगळ्या फायली नव्या समजणार. तेवीस जीबी, काका! उगीच पुन्हा!"