पाटी बॅटरीची, पगार अल्टरनेटरचा

आमच्या सोसायटीतले नाना रोज सकाळी पूजा आटोपली की खाली येऊन गाडी ‘चार्ज’ करतात. गाडी जागची हलत नाही. कव्हर अर्धं सरकवायचं, सेल्फ मारायचा, एसी लावायचा, रेडिओ लावायचा आणि दिवे लागतात का ते बघायला दिवेही लावायचे. दोन मिनिटांनी किल्ली काढून समाधानाने जिना चढायचा. तरी अधूनमधून गाडी सेल्फला नुसतं ‘टक्’ म्हणते आणि नाना बॅटरीवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

काही घरांत दारावर पाटी सासऱ्यांची असते आणि घर चालतं सुनेच्या पगारावर. बॉनेटखाली तोच संसार आहे. सासरेबुवा, म्हणजे बॅटरी, सेल्फला सेकंद-दोन सेकंद शे-दीडशे अँपिअर देतात आणि मोकळे होतात. इंजिन लागलं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो. त्याच्या गुंडाळ्यांत एसी करंट तयार होतो, डायोड त्याचा डीसी करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज 14 च्या आसपास धरून ठेवतो. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ची, त्यामुळे करंट तिच्याकडे वाहतो. दिवे, वायपर, हॉर्न, ब्लोअर सगळे याच कमाईवर जेवतात. गंमत म्हणजे रोटरमध्ये चुंबकत्व यायला पहिला करंट लागतो तो बॅटरीचाच. कामावर जायचे रिक्षाचे पैसे सुनेने सासऱ्यांकडून घ्यावेत, तसं. आणि सुनेची कमाई थांबली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, त्यावर चित्र मात्र बॅटरीचं!

आता नानांचा हिशेब. गाडी जागेवर गुरगुरत असताना अल्टरनेटर सावकाश फिरतो, कमाई बेताची. त्यातले दहाएक अँपिअर हेडलाइट खातात, एसीचे पंखे वेगळे. बॅटरीच्या ताटात उरतं काय? उलट गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक चरत असतात. 50 मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला 36 अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीची बॅटरीच 35 ची. बसून खाल्लं तर कुबेराचा खजिनाही पुरत नाही.

परवा वायरमनने मीटर लावला. इंजिन बंद, 12.1. इंजिन रेस केलं, 13.9.

“नाना, अल्टरनेटर ठणठणीत आहे. गाडी जरा फिरवत जा.”

“पेट्रोलचा भाव माहीत आहे का तुला?”

मग गाडी घेतली कशाला, हे त्याने विचारलं नाही. त्यालाही धंदा करायचा आहे.

तेव्हा घरोघरच्या नानांनो, आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर काढा. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर टर्मिनल उपटायची जुनी युक्ती आजच्या गाडीवर करू नका, व्होल्टेज उसळून महागडी इलेक्ट्रॉनिक्स जळतात. आणि गाडी महिनाभर हलणारच नसेल, तर इंजिन बंद करून निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो.